ॲशट्रेतला एसी

माझ्या नवऱ्याला गाडी चालवता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण या सगळ्या प्रकरणात गाडीविषयी सगळ्यात जास्त तोच बोलणार आहे. तरुणपणी सासऱ्यांनी त्याला शिकवायला घेतलं होतं. क्लच सुटला की गाडी आचके देऊन बंद पडायची आणि बाप-लेकाचं भांडण चालू व्हायचं. गाडी पुन्हा सुरू करता यायची, भांडण बंद करता यायचं नाही. शेवटी दोघांनी एकमेकांचा नाद सोडला. मी लग्न होऊन लालबागच्या चाळीत आले, तेव्हा सासऱ्यांनी मला विचारलं, "तू शिकतेस काय?" नव्या सुनेला नाही म्हणायची सोय नसते, म्हणून शिकले. तेव्हापासून गाडी मी चालवते. नवरा शेजारी बसून इंजिनाचा आवाज ऐकतो आणि मान हलवतो.

गाडीचं नाव घेत नाही, पण मुंबईकराला ते सांगायला नकोच. काळ्या-पिवळ्या टॅक्स्या ज्या घराण्यातल्या, त्याच घराण्यातली ही थोरली जाऊ. पुढची सीट बाकासारखी सलग, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खालून बाहेर आलेला, रंग साईसारखा. सासरे आधी एका गिरणीच्या स्टोअरमध्ये कारकून होते. मग नोकरी सोडून त्यांनी डिलाईल रोडला लहानसं दुकान टाकलं आणि गिरण्यांना मागाचं सुटं सामान पुरवायला लागले. धंदा बरा चालला तेव्हा त्यांनी ही गाडी ग्रँट रोडच्या एका पारशी दंतवैद्याकडून घेतली. मुंबईत जुनी गाडी विकणारा प्रत्येक जण ती पारशाची होती असं सांगतो. आमची खरोखरच होती.

पुढे गिरण्या बंद पडल्या, गिऱ्हाईक गेलं, दुकान गेलं. गाडीलाही जायला कुठे उरलं नाही. ती इतकी चांगली राहिली याचं खरं कारण एवढंच, पण नवरा लोकांना सांगतो, "बाबांनी जपली." तो एका विमा कंपनीत मोटार अपघातांचे दावे तपासायचा. आयुष्यभर चेपलेल्या गाड्यांचे फोटो बघितलेला माणूस न चेपलेल्या गाडीच्या प्रेमात पडला, तर त्यात नवल नाही. निवृत्त झाल्यावर तो जुन्या गाड्यांच्या शौकिनांच्या एका ग्रुपात शिरला आणि आमच्या घरात 'ओरिजनल' हा शब्द देवाच्या नावासारखा उठता-बसता ऐकू यायला लागला. पत्रा ओरिजनल, काच ओरिजनल, हॉर्न ओरिजनल. एकदा सीटच्या फटीत एक गंजकी टाचणी सापडली, तीही त्याने डबीत ठेवली.

मग चाळ पाडून टॉवर झाला. आम्हाला चौदाव्या मजल्यावर घर मिळालं आणि गाडीला पाचव्या मजल्यावर जागा. पाचव्या मजल्यावर जायला गोल-गोल रॅम्प आहे. नव्या गाड्या तो एका बोटाने चढतात. आमचं स्टिअरिंग दोन्ही हातांनी, खांदे लावून, जात्यासारखं फिरवावं लागायचं. त्यात माझा उजवा खांदा आखडलेला. मी परळच्या एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये नोकरी करून निवृत्त झालेय, त्यामुळे डॉक्टर ओळखीचे. ते म्हणाले, "जड काही ओढू नका." मी घरी येऊन सांगितलं, तर नवरा म्हणाला, "मग बाजाराच्या पिशव्या मी आणतो."

एका रविवारी आम्ही दादरहून भाजी घेऊन परत येत होतो. तिसऱ्या वळणावर पुढची गाडी थांबली म्हणून मीही थांबले. हँडब्रेक नीट धरेना. गाडी हळूच मागे सरकायला लागली. मागे एक भलीमोठी नवी गाडी होती, तिच्या मागे आणखी गाड्या, सगळ्यांचे हॉर्न, खालून सिक्युरिटीची शिट्टी. नवरा चपळाईने खाली उतरला. अशा वेळेसाठी तो डिकीत एक लाकडी उटी ठेवतो, ती त्याने मागच्या चाकाखाली सारली आणि मागच्या गाडीवाल्याच्या काचेवर टकटक करून म्हणाला, "विंटेज आहे. जरा समजून घ्या."

मी खांदा धरून बसले होते. घरी गेल्यावर भाजीची पिशवी ओट्यावर ठेवली आणि सांगून टाकलं, "पॉवर स्टिअरिंग बसव आणि ब्रेक बदल. नाहीतर तू शिक."

"पॉवर स्टिअरिंग?" तो खुर्चीत बसला. "म्हणजे तिला पेसमेकर लावायचा?"

"बाबांना लावलाय ना? त्यांना कोण डुप्लिकेट म्हणतं?"

आतल्या खोलीत नव्वदीला टेकलेले सासरे टीव्हीवर जुनी कुस्ती बघत होते. नवऱ्याने उठून त्यांच्या खोलीचं दार लोटलं आणि मला हळू आवाजात दोन अटी घातल्या. एक, जे काही बदलायचं ते बाहेरून अजिबात दिसता कामा नये. दुसरी, बाबांना कळता कामा नये. "त्यांनी आयुष्यभर एक स्क्रू बदलला नाही. त्यांना धक्का बसेल."

दुसरी अट मला पटली. त्या वयाच्या माणसाचं मन मोडू नये, असं मलाही वाटलं.

ग्रुपातल्या कुणीतरी रे रोडचं एक गॅरेज सुचवलं. लाकडाच्या वखारींच्या रांगेत ते एकटंच काचेच्या दाराचं. मालक चाळिशीचा. आधी सॉफ्टवेअरमध्ये होता, परदेशात राहून आलेला. तो गॅरेजला गॅरेज म्हणत नसे, स्टुडिओ म्हणे. शेजारच्या वखारीतून भुसा उडून यायचा, त्यात बसवून त्याने आम्हाला ग्रीन टी दिला. मग गाडीभोवती हळूहळू चालला, छतावरून हात फिरवला आणि नवऱ्याला म्हणाला, "सर, तुम्हाला ही कशी फील व्हायला हवी?"

"आहे तशी," नवरा म्हणाला.

"चालवताना, सर."

"चालवते मी," मी म्हटलं.

"ओके मॅम," तो म्हणाला आणि पुन्हा नवऱ्याकडे वळला. "तर सर, अलॉय व्हील्स टाकू या, डिजिटल मीटर, आतून थोडी निळी लायटिंग..."

नवऱ्याचा चेहरा लग्नात मटण वाढलेल्या वारकऱ्यासारखा झाला. मला वाटलं आता हा उठणार. पण मालक हुशार होता. समोरचं गिऱ्हाईक कुठल्या जातीचं आहे हे त्याने लगेच ओळखलं, लॅपटॉप मिटला आणि आवाज बदलून म्हणाला, "किंवा सर, काहीच दिसणार नाही असं करू या. ते जास्त अवघड असतं. फार कमी लोकांना जमतं."

तिथे नवरा जिंकला गेला.

खरं तर मला हवं होतं ते एवढंच: स्टिअरिंग हलकं व्हावं, ब्रेक लागावेत, पुढे सीटबेल्ट असावेत. पण पॉवर स्टिअरिंगच्या मोटरला वीज जास्त लागते, म्हणून जुना डायनामो काढून नवा अल्टरनेटर घालायचं ठरलं. आणि वीज एवढी येणारच आहे, तर मॅम, एसी का नको, असं मालक म्हणाला. त्या दिवसांत बाहेर एप्रिल पेटला होता. मी नको म्हणाले नाही.

यानंतर जे झालं त्याची मला कल्पना नव्हती. ज्या माणसाचा प्रत्येक बदलाला विरोध, तोच रोज सकाळी डबा घेऊन रे रोडला जायला लागला. बदल लपवायची त्याला अशी काही गोडी लागली की विचारू नका. एसीची जाळी समोर दिसेल म्हणून ती डॅशबोर्डखालच्या सामानाच्या कप्प्यात मागे ढकलली आणि कप्प्याच्या तळाला मुळातच असल्यासारख्या बारीक फटी पाडल्या. सीटबेल्टचा पट्टा काळा नको म्हणून सीटच्या कापडाला जुळणारा राखाडी पट्टा शोधायला तो तीन बाजार फिरला. स्टिअरिंगची मोटर दिसू नये म्हणून तिला जुन्या वायरिंगच्या कापडी वेटोळ्यासारखं वेटोळं गुंडाळलं. रात्री जेवताना ताटाशेजारी कागदावर आकृत्या काढायचा. विमा कंपनीत असताना लोकांनी लपवलेलं शोधून काढायचं, हे त्याचं काम होतं. आता तेच कौशल्य उलट्या बाजूने वापरायला मिळत होतं.

एसीची बटणं कुठे घालायची, यावर मात्र गाडं अडलं. डॅशबोर्डला नवीन भोक पाडायला तो तयार नव्हता. दोन दिवस आकृत्या काढून खोडत बसला. मग एका सकाळी दात घासता घासता ओरडला, "ॲशट्रे!"

डॅशबोर्डच्या मधोमध एक छोटी पत्र्याची ॲशट्रे होती, बाहेर ओढायची. आमच्या घरात कुणी सिगारेट ओढत नाही. तिच्या पोटात बटणं बसली. ॲशट्रे आत ढकलली की एसी असल्याची खूण नाही. मालकाने त्याचा व्हिडिओ काढून आपल्या जाहिरातीला लावला आणि नवऱ्याला म्हणाला, "सर, तुम्ही माझ्याकडे कामाला या." हे वाक्य नवऱ्याने मला त्या आठवड्यात बऱ्याच वेळा सांगितलं.

एका गोष्टीला मात्र त्याने हात लावू दिला नाही. गिअरच्या दांड्याच्या टोकाला एक लाकडी मूठ आहे, सुपारीपेक्षा जरा मोठी, हात लागून लागून काळपट गुळगुळीत झालेली. मालक म्हणाला, जरा पॉलिश करून देतो. नवरा म्हणाला, "खबरदार. ही कंपनीची लाकडी मूठ आहे. इटलीहून आलेल्या पहिल्या काही गाड्यांनाच असायची." त्याने ग्रुपात मुठीचा फोटो टाकला होता आणि ग्रुपातल्या जाणकारांनी लाकूड अक्रोडाचं असल्याचा निर्वाळा दिला होता.

इकडे घरी सासरे रोज विचारायचे. तसे ते आमच्याशी साधं मुंबईचं बोलतात, पण मनात काही आलं की मालवणी बाहेर येते.

"गाडी खंय आसा?"

"सर्व्हिसिंगला, बाबा."

"अजून? बोटीन विलायतेक गेली काय?"

गाडी घरी आली तेव्हा मी रॅम्प पहिल्यांदा हसत चढले. स्टिअरिंग हातात लोण्यासारखं फिरत होतं. नवरा प्रत्येक वळणावर म्हणत होता, "आवाज तोच आहे ना? तोच आहे." दुसऱ्या दिवशी सासऱ्यांना फिरवायचं ठरलं. त्यांना लेंग्याचं कापड घ्यायचं होतं, आणि ते हिंदमातालाच घ्यायचं असतं. त्यांना पुढे माझ्या शेजारी बसवलं, नवरा मागे बसला. निघण्याआधी त्याने माझ्या कानात सांगितलं, "एसी लावू नकोस."

भर उन्हात आम्ही निघालो. काचा खाली, गरम वारा तोंडावर. तीन माणसं घामाने भिजत होती आणि थंड हवेचं यंत्र आमच्या गुडघ्यांपाशी गपचूप बसलं होतं. सासऱ्यांनी बेल्ट बघितला, ओढून पाहिला आणि लावून घेतला. परळच्या सिग्नलला गाडी थांबली. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून वेलदोडा काढला, दाणे तोंडात टाकले आणि साल टाकायला, सवयीने, ॲशट्रे ओढली.

मागच्या सीटवरून "बाबा, थांबा" असा आवाज आला, पण उशीर झाला होता. सासऱ्यांनी बटणांकडे बघितलं. एक दाबलं. कप्प्याच्या फटींतून गार हवा त्यांच्या लेंग्यावर आली. त्यांनी पाय जरा पुढे केले आणि डोळे मिटले.

सिग्नल सुटला. मी गाडी पुढे काढली.

"एसी बसवलात तां बरां केलात," ते शेवटी म्हणाले. "पण माका सांगूक काय झालां होतां?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून," नवरा मागून म्हणाला. "तुम्ही एवढी ओरिजनल ठेवलीत..."

"कोणी ठेवली?"

"तुम्ही."

सासरे सीटवर वळायला गेले. बेल्ट आडवा आला, म्हणून समोर बघूनच बोलले. "अरे, मी घेतली तेव्हा ही निळी होती. काळपट निळी. तुझी आई म्हणाली, हा शनीचा रंग, मी बसणार नाही. म्हणून साईचा रंग दिला. तू तेव्हा झाला नव्हतास."

हिंदमाताला दुकानासमोर मला कशीबशी जागा मिळाली. मी गाडी बंद केली, पण उतरलं कुणी नाही.

"आणि हॉर्न?" नवऱ्याने विचारलं. त्याचा आवाज कोर्टात उलटतपासणीला उभ्या केलेल्या साक्षीदारासारखा झाला होता.

"ट्रकाचा. कंपनीचा हॉर्न बकरीसारखा होता. डिलाईल रोडला हातगाडीवाले हलायचे नाहीत."

"आणि ही मूठ? ही तरी?"

सासऱ्यांनी गिअरच्या मुठीवर हात ठेवला. "ही होय? कंपनीची प्लास्टिकची होती. उन्हात तडकली. गिरणीतल्या सुताराला सांगितलं. त्याने मोडक्या धोट्याचं लाकूड घेतलं, मागावर इकडून तिकडे धावतो तो धोटा, आणि जेवणाच्या सुट्टीत घासून दिली. एक चहा पाजला त्याला." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "चल गो, कापड घेऊया. दुकान बंद करतीत."

कापड घेताना ते खुशीत होते. नवरा दुकानाच्या पायरीवर बसून राहिला. इटलीचा अक्रोड लालबागच्या गिरणीतून आला होता आणि ग्रुपात आता काय सांगायचं हा प्रश्न होता.

पुढचे काही दिवस घरात सुतक पाळल्यासारखे गेले. मला वाटलं, आता ओरिजनलचं भूत उतरलं. पण नवऱ्याने उलटाच निष्कर्ष काढला. गाडी ओरिजनल नाही, तर ती ओरिजनल करायला हवी. मूठ प्लास्टिकची, हॉर्न बकरीचा आणि रंग काळपट निळा.

"म्हणजे बाबांनी केलेलं सगळं काढून टाकणार?" मी विचारलं. "आणि आपण केलेलं ठेवणार?"

"आपण केलेलं दिसत नाही."

मी रागावले. मला गाडीच्या मूळ रूपाचं कधीच काही पडलेलं नव्हतं, पण त्या दिवशी मी त्या साईच्या रंगासाठी अशी भांडले की माझं मलाच आश्चर्य वाटलं. सासरे आमचं भांडण ऐकत होते. ते म्हणाले, "कर निळी. माझं काय जातंय? पण तुझ्या आईचं काय ते तू बघ." सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली आहेत. भिंतीवर त्यांचा फोटो आहे, आणि त्या फोटोतही त्या फारशा समजुतीच्या वाटत नाहीत. नवऱ्याने फोटोकडे बघितलं आणि रंगाचा विषय पुढे ढकलला. मूठ मात्र त्याने शोधलीच. ऑपेरा हाउसजवळच्या सुट्या भागांच्या दुकानांत दिवस घालवून हस्तिदंती रंगाची एक प्लास्टिकची मूठ आणली आणि लाकडी काढून ती बसवली. ती घामाने हातातून सटकायची. तिसरा गिअर टाकताना माझा हात दोनदा हवेत गेला.

"सवय होईल," नवरा म्हणाला. अर्थात त्याला सवय करायचीच नव्हती.

हिवाळ्यात दक्षिण मुंबईतल्या एका मैदानावर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. 'मूळ रूप राखून सुधारलेल्या गाड्या' असा त्यात एक विभाग होता. नवऱ्याने नाव नोंदवलं. सकाळी आम्ही तिघे गेलो. आजूबाजूला लांबलचक, आरशासारख्या चकाकणाऱ्या गाड्या, त्यांचे मालक हॅट घातलेले, त्यांच्या बायका मोत्यांच्या माळा घालून. आमच्या गाडीजवळ सासरे घडीच्या खुर्चीत, नव्या कापडाच्या लेंग्यात, कानटोपी घालून बसले. गॅरेजचा मालकही आला होता आणि नवऱ्यापेक्षा जास्त घाबरला होता.

परीक्षक म्हणून एक वयस्क गृहस्थ आले. पँटला खांद्यावरून घेतलेले पट्टे, हातात विजेरी. ते इंग्रजाळलेलं मराठी बोलत होते. त्यांनी बॉनेट उघडून बघितलं, खाली वाकून बघितलं, सीटवर बसून बघितलं. नवऱ्याने ॲशट्रे ओढून दाखवली, तेव्हा त्यांनी चक्क टाळी वाजवली. "व्हेरी टेस्टफुल. काहीच दिसत नाही." मग गिअरची मूठ चाचपली. "करेक्ट. हीच पाहिजे." नवरा माझ्याकडे बघून हसला.

मग गृहस्थ दोन पावलं मागे गेले आणि डोळे बारीक करून म्हणाले, "पण हा रंग कंपनीचा नव्हे. बाकी एवढं छान केलंत आणि इथे चुकलात. कुणी सुचवला हा? अगदी आइस्क्रीमच्या गाडीचा वाटतो. याचे मार्क जाणार."

नवऱ्याने म्हणायला हवं होतं की, हो, चूक आहे, निळा द्यायचाय. गेले सहा महिने तो तेच म्हणत होता. मी वाट बघत होते.

"निळा शनीचा असतो," नवरा म्हणाला.

"सॉरी?"

"काळपट निळा. शनीचा रंग. आमच्याकडे चालत नाही."

गृहस्थांनी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे, एकदा खुर्चीतल्या सासऱ्यांकडे बघितलं. गॅरेजचा मालक बूट न्याहाळत होता. "म्हणजे, इट्स अ रिलिजस थिंग?"

"आईची थिंग," नवरा म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते, पण तो हटला नाही. "तिने सांगितलं म्हणून बाबांनी बदलला. रंग हाच आहे. मार्क कापा."

मार्क कापले गेले. विभागात आम्हाला काहीही मिळालं नाही. पहिलं बक्षीस एका लाल गाडीला मिळालं. तिचा मालक सांगत होता की त्याच्या गाडीत टायर सोडून सगळं ओरिजनल आहे, आणि त्याच्यामागे त्याचा ड्रायव्हर हसू दाबत उभा होता. सासरे खुर्चीत बसून कागदी कपातला चहा पीत होते. त्यांनी नवऱ्याला जवळ बोलावून आपला अर्धा चहा दिला. आमच्या घरात बाप मुलाला शाबासकी देतो ती इतकीच.

निघताना मी स्टिअरिंगवर बसले आणि हात पुढे केला. "माझी मूठ दे. मला घरापर्यंत गाडी न्यायचीय, मार्कांसाठी नाही."

मला वाटलं तो घरी ठेवून आला असेल. त्याने पँटच्या खिशातून ती काढली. खिशाच्या उबेने लाकूड कोमट झालं होतं. प्लास्टिकची मूठ काढून त्याने ही फिरवून घट्ट बसवली. असलं काही करायची वेळ आली की त्याला गाडीचं बरंच येतं.

त्यानंतर गॅरेजचा मालक अधूनमधून गिऱ्हाइकांना आमची गाडी दाखवायला आणतो. ते रविवारी सकाळी पाचव्या मजल्यावर येतात. नवरा त्यांना वेटोळी, फटी, राखाडी पट्टे समजावून सांगतो आणि रंगाविषयी कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकतो की हा कंपनीचा नाही. त्याच्या ग्रुपात यावरून दोन तट पडले आहेत, आणि एका तटाचा पुढारी हा आहे.

सासरेही खाली येतात. पुढच्या सीटवर दार उघडं ठेवून बसतात आणि येणाऱ्या पाहुण्यांना आपण काय काय बदललं ते सांगतात. सुरुवातीला हॉर्न आणि रंग एवढंच होतं. मग हळूहळू यादी वाढायला लागली. मागचा दिवा व्हिक्टोरिया घोडागाडीचा आहे. डावं दार दुसऱ्याच गाडीचं आहे. परवा त्यांनी एका पुण्याच्या पाहुण्याला सांगितलं की पुढची काच फुटली होती, तेव्हा गिरणीच्या मॅनेजरच्या केबिनची काच कापून बसवली.

पाहुणा काचेवरून हात फिरवत वाहवा म्हणाला. नवरा माझ्याजवळ आला.

"हे खरं असेल का गं?"

"विचार त्यांना."

"विचारलं. म्हणतात, तुका पटत नसात तर काढून बघ."

तो काचेसमोर उभा राहिला, जवळ गेला, लांब आला. आतून सासरे त्याच्याकडे बघत होते आणि तोंडात वेलदोडा चघळत होते. काढून बघायचं त्याने अजून तरी ठरवलेलं नाही.